हाजर काकू

"ज्याला आज आपलं जीवन प्रभूला द्यायचं असेल, त्यानं हात वर करावा," हे वाक्य प्रवचनकाराच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत मंडपात एक हात वर गेलेला असायचा. रापलेला, शिरा वर आलेला, बांगडी नसलेला हात. दरवर्षी तोच. सभेच्या पहिल्या दिवशीही तोच आणि शेवटच्या दिवशीही तोच. हजेरी घेताना वर्गातली पोरं हात उंचावतात तसा तो वर जायचा, म्हणून आम्ही पोरांनी त्यांचं नाव पाडलं हाजर काकू. हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणू लागली. काकूंना त्याचं काही वाटायचं नाही. "हाजर तं आहोच न मी," त्या म्हणायच्या, "घेते का नाही ते त्याचं त्याले मालूम."

आमचं गाव साकोली तालुक्यात, सानगडीच्या अलीकडे. ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि माझे बाबा त्या मंडळीचे पाळक. बाबा मूळचे नगरकडचे. सगळी हयात आमच्या झाडीपट्टीत गेली, पण तिथली बोली काही त्यांच्या जिभेवर बसली नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली की एखाद्या मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मंडप पडायचा आणि तीन दिवस उज्जीवन सभा चालायची. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमची निम्मी पाहुणेमंडळी दुसऱ्या जिल्ह्यातली झाली. तरी सभेला ती येतच राहिली, येताना तांदूळ आणि लाखोरीची डाळ बांधून आणत राहिली. मी पेटी वाजवायची. प्रवचन संपलं की हाकेचं गीत सुरू व्हायचं, आणि ज्यांना आपली पापं कबूल करून तारण मागायचं आहे ते उठून पुढे यायचे. शेवटचा माणूस पुढे येईपर्यंत मी वाजवत राहायचं, असा बाबांचा हुकूम होता. कापलेल्या धानाची धसकटं पायाला टोचायची, त्यामुळे लोक जपून पाय टाकत यायचे. काकू मात्र चपला जागेवरच काढून सरळ चालत यायच्या.

आता हे पुढे जाणं माणसानं आयुष्यात एकदा करायचं असतं. एकदा मनापासून मागितलं, त्यानं दिलं, संपलं. तारण काही रेशनकार्डावरचं रॉकेल नव्हे, की दर महिन्याला जाऊन रांगेत उभं राहावं. पण बाहेरून येणाऱ्या प्रवचनकारांना आमच्या काकू काय ठाऊक! एका तरुण प्रवचनकाराला तर त्यांना पाहून भरूनच आलं. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तो माईकवरून म्हणाला, "आज या आईचा नवा जन्म झाला आहे!" मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावणं गेलं. पुन्हा काकू पुढे, पुन्हा नवा जन्म. जेवायला बसल्यावर त्यानं बाबांना हळूच विचारलं, "पाळकसाहेब, या बाईंना जुळी बहीण आहे का हो?"

बाबांनी त्यांना समजवायचं काही कमी केलं नाही. एकदा आमच्या अंगणात काकू पाखडत बसल्या होत्या, तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, बी एकदा रुजलं की रुजलं. रोज उकरून बघायचं नसतं." काकूंनी सूप थांबवलं. "तुमच्या नगरकडं तसं असन पाळकसायेब. इकडं धान पयले पेरते, मंग उपटते, मंग चिखलात पुन्हा रोवते. नाही रोवलं तं लोंबच नाही धरत." बाबा ज्वारी-बाजरीच्या मुलखातून आलेले. आई स्वयंपाकघरातून हसली, तेव्हा ते उठून आत गेले.

काकूंना पापाचं वेडच होतं म्हणा ना. रोवण्याला मजुरीनं जायच्या, शनिवारी चर्च, आमच्या बोलण्यातलं देऊळ, झाडायच्या, आणि मधल्या वेळात गावभर माफी मागत हिंडायच्या. कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची तुरीची शेंग तोडली, कुणाच्या पोरीबद्दल मनात वाईट आलं, कुणाचं बोलणं ऐकताना मध्येच जांभई आली. शेजारच्या सुभद्राबाई बौद्ध. कुंपणाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला काकू. त्यांच्याकडे तर काकूंची फेरी दिवसाआड ठरलेली. एकदा सुभद्राबाई वैतागून म्हणाल्या, "राहू दे न माय, किती माफी मांगशीन! आमच्यात पाप घ्याले कोणी नाही बा. आपलं आपुनच निस्तरा लागते, म्हणून थोडकंच करतो आमी." काकूंनाही हसू आलं. मग म्हणाल्या, "बरं आहे तुमचं. आमच्यात घेनारा आहे. माझ्याच हातून सुटून नाही राहिलं." तेव्हा मला ते विनोदानं बोलल्यासारखंच वाटलं होतं.

एका गोष्टीवर मात्र कुणी हसत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा लहानसा पेला रांगेतून फिरायचा. काकू ताट हातात घ्यायच्या, क्षणभर त्याच्याकडे पाहायच्या आणि काही न घेता शेजारणीकडे द्यायच्या. मनात पाप ठेवून जो खातो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, अशी शिकवण. म्हणून न घेणाऱ्या माणसाकडे मंडळीचं बरोबर लक्ष जातं. आमच्या मंडळीचे एक पंच आईला म्हणालेही, "त्या बाईचं काहीतरी मोठं लफडं असलं पाहिजे." आईनं त्यांना असं झापलं की पुढे बरेच दिवस ते आमच्याकडे चहाला आले नाहीत.

त्यांच्या नवऱ्याची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, आणि ती चांगली म्हणूनच माहीत होती. याकोब गावच्या राइस मिलमध्ये हमाल. अंगानं आडदांड, दिवसभर पोती वाहायचा, संध्याकाळी प्यायचा आणि घरी येऊन काकूंना मारायचा. काकूंचा डावा कान त्यातच गेला. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग एका सभेत, हाकेचं गीत चालू असताना, मंडपाबाहेर बिडी ओढत उभा असलेला याकोब बिडी टाकून आत आला आणि पुढे जाऊन गुडघ्यावर पडला. ऐन थंडीत बाबांनी त्याला तलावात बाप्तिस्मा दिला. पाण्यातून वर आला तेव्हा तो कुडकुडत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

आणि माणूस खरंच बदलला. अशा गोष्टी ऐकून मी नाक मुरडते, माझा स्वभावच तसा आहे, पण ही मी डोळ्यांनी पाहिलेली. तो प्यायचा थांबला. सानगडीच्या बाजारातून बायकोसाठी ब्लाउजचं कापड घेऊन आला आणि ते आमच्या आईला दाखवायलाही आणलं, रंग बरा आहे ना म्हणून. देवळात मोठ्यानं प्रार्थना करायला शिकला. त्याच्या प्रार्थनाही हमालीच्याच असायच्या. "देवा, मिलमालकाची कंबर बरी कर, नाहीतं तो आमच्यावर खेकसते." काकू त्याच्या शेजारी खाली मान घालून बसायच्या. त्या दिवसांत त्या जशा दिसायच्या तशा पुन्हा कधी दिसल्या नाहीत. उन्हाळा लागला आणि मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी कोसळून याकोब तिच्याखाली गेला. पिऊन पडला असता तर त्या दिवशी कामावर गेलाच नसता.

पुरताना बाबा फार सुंदर बोलले. शेवटच्या घटकेला आलेल्यालाही प्रभू परत पाठवत नाही, आपला भाऊ आज त्याच्याजवळ आहे, याबद्दल कुणीही शंका धरू नये. सगळ्यांना त्या दुःखातही बरं वाटलं. काकू रडल्या नाहीत. पुढच्या सभेत मात्र त्यांचा हात वर गेला, आणि तेव्हापासून तो दरवर्षी जात राहिला.

असं का, ते कळायला फार वर्षं लागली. एका वर्षी मोठ्या आवाजाचा एक प्रवचनकार आला होता. काकू पुढे आल्या तेव्हा कुणीतरी त्याच्या कानाला लागलं असावं. त्यानं भर दुपारच्या सभेत जाहीर केलं, की या बाईत दुष्ट आत्मा आहे, म्हणून तिला तारण टिकत नाही. मग तो दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून गदागदा हलवायला आणि ओरडायला लागला. काकूंचा पदर खाली पडला, केस सुटले. त्या त्याला हलवू देत होत्या. काहीतरी निघत असेल तर निघू दे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला ते पाहवेना. मी पेटी बंद केली. बाबांनी येऊन त्याच्यापुढचा माईक काढून घेतला आणि काकूंना धरून आमच्या घरी आणलं.

आईनं त्यांना पाणी दिलं. मी त्यांचे केस बांधत होते. तेव्हा त्या समोर बसलेल्या बाबांना म्हणाल्या, "पाळकसायेब, मी त्याले मारलं."

"कुणाला?"

"याकोबले."

"तो थप्पीखाली सापडला, बाई. सगळ्या गावानं पाहिलं."

"थप्पी पाडली कोनं?" काकू म्हणाल्या. "तो मारे तवा मी रोज मांगो. पाण्याले जायच्या पयले गुडघे टेकून. देवा, याले उचल. दुसऱ्या बायाबी म्हणते उचल म्हणून, पण ते शिवी होय, ते कोणी आयकत नाही. मी शिवी नाही देल्ली. प्रार्थना केली, त्याचं नाव घेऊन मांगतली. येशूच्या नावानं मांगतली. आमेन म्हणलं. मंग तो चांगला झाला. मले इतका आनंद झाला का मी मांगनंच सोडून देल्लं. पण पाळकसायेब, आधी मांगतलेलं वापस घ्याचं रायलं न! ध्यानातच नाही आलं माझ्या. ते तिथं तसंच पडून होतं. अन् त्यानं आयकलं."

या गोष्टीवर हसावं की काय करावं तेच कळेना. देवाकडे टाकलेली मागणी परत घ्यायला विसरलो म्हणून आपण खुनी झालो, असं मानून ही बाई इतकी वर्षं धसकटांवरून अनवाणी चालत होती. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या, प्रार्थनेतला शब्दन् शब्द वर पोचतो असं लहानपणापासून शिकवलेल्या माणसाशिवाय दुसरं कोण अशी चूक करील?

"देव असलं ऐकत नसतो," बाबा अगदी हळू म्हणाले. "कुणाचं मरण मागितलं तर तो देत नाही. तो तसा नाहीच."

"मंग कोणती प्रार्थना आयकते?" काकूंनी विचारलं. "जीव तोडून, रोज मांगतलेली ते एकच होती. ते नाही आयकली तं माफीची कशी आयकन? अन् माफीची आयकत असन, तं तेबी आयकलीच असन न."

बाबांनी अनेकांना उत्तरं दिली होती. दारुड्यांना, कॉलेजात जाऊन देव नाही म्हणायला लागलेल्या पोरांना, आणि मलाही. त्या दिवशी त्यांना उत्तर सापडलं नाही. पुढे ते शोधत राहिले. क्षमेवर त्यांनी लागोपाठ प्रवचनं केली, सगळी काकूंकडे बघत. काकू देवळाबाहेर म्हणायच्या, "लय चांगलं बोलले आज. ऐकनाऱ्याइले फायदा झाला असन." एकदा तर त्या बाबांना म्हणाल्या, "माझ्यानं नाही होत, तं तुमीच माझ्याकडून विश्वास ठेवा न." बाबा या बाबतीत कडक होते. विश्वास ज्याचा त्यानंच ठेवायचा, बापाचा लेकराला चालत नाही आणि पाळकाचा मंडळीला चालत नाही, हे त्यांनी आम्हा पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. "तसं चालत नाही, बाई," ते म्हणाले. काकूंनी मान हलवली. मला त्या दिवशी बाबांचा राग आला, आणि देवाचा त्याहून जास्त. ज्यानं मारलं तो एका संध्याकाळी सुटला. जिनं मार खाल्ला ती दारात उभी, आणि तिच्या हाताला कडीच लागेना. याला कृपा म्हणायचं, तर म्हणा बापडे.

मी नोकरीनिमित्त भंडाऱ्याला आले, लग्न झालं, पेटी सुटली. एका पावसाळ्यात बाबांचा फोन आला, काकूंना पोटात गाठ निघाली आहे, भंडाऱ्याच्याच सरकारी दवाखान्यात आणताहेत. मी रोज डबा घेऊन जायची. काकू दोन घास खायच्या आणि डबा बाजूच्या खाटेवरच्या बाईला द्यायच्या. मरणाची भीती त्यांना नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, भयंकर होती, आणि त्या ती लपवतही नव्हत्या.

"नरकात जाईन तं जाईन, बेबी," एका दुपारी त्या म्हणाल्या. "पण चुकून तिकडं वर पोचली तं? तो पयलेच पोचला आहे. तिथं सगळ्याइले सगळं मालूम होते म्हणते. त्याले मालूम झालं असन, मी का मांगतलं होतं ते. कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "मले त्याच्या बाजूले नोको पुरू म्हणा. जरा दूर खणा म्हणा." मी काहीतरी बोलले. काय बोलले तेही आता आठवत नाही, इतकं ते निरुपयोगी होतं.

बाबा तोवर म्हातारे झाले होते. साकोलीहून एसटीनं आले, खाटेशी स्टुलावर बसले. काकूंनी त्यांना शास्त्र वाचू दिलं नाही. "एकच काम करा. ते प्रार्थना वापस घ्या. मी मांगतली होती ते. माझ्या तोंडून निघून नाही राहिली."

मेलेल्या माणसाबद्दल आता काही मागायचं नसतं, ही बाबांची शिकवण. एरवी त्यांनी तेच सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. "प्रभू, तुझ्या या लेकीनं तुझ्याजवळ याकोबचं मरण मागितलं होतं..."

"याकोब हमाल म्हणा," काकू घाईनं म्हणाल्या. "तो पोस्टातला याकोब जित्ता आहे."

"याकोब हमालाचं मरण मागितलं होतं," बाबा म्हणाले. "ते ती परत घेते आहे. तिचं ते मागणं तिला परत दे. आमेन."

काकूंनीही आमेन म्हटलं. मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "आयकलं असन?"

"ऐकलं, बाई."

"तुमी पाळक आहा," त्या म्हणाल्या. "तुमाले तसंच म्हणा लागते." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. पाऊस उघडायच्या सुमारास गेल्या. शेवटी त्यांना शांती मिळाली असं मंडळीत आजही सांगतात. मी तिथं होते. मिळाली नाही.

तलावाच्या पलीकडे आमची दफनभूमी आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे याकोबपासून दूर, अगदी कडेला खड्डा खणला होता. सुभद्राबाईही आल्या होत्या, पदरानं डोळे पुसत मागे उभ्या होत्या. बाबांना नव्या पाळकांनी मान म्हणून शेवटची प्रार्थना करायला सांगितली. अशा वेळी म्हणायचे शब्द ठरलेले असतात, पुनरुत्थानाच्या खात्रीचे. बाबांनी त्यांच्या आयुष्यात ते इतक्या वेळा म्हटले होते, की झोपेतून उठवलं तरी आले असते. त्यांनी सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले. लोकांना वाटलं, वय झालं, विसरले. पंच त्यांच्या कानात पुढचा शब्द सांगायला सरसावले. बाबांनी त्यांना हातानं बाजूला केलं.

"प्रभू," ते म्हणाले, "हिला खात्री नव्हती. तू दिली नाहीस, का हिला घेता आली नाही, मला माहीत नाही. मला होती. लहानपणापासून होती. ती आता हिला दे. विश्वासावाचून तू कुणाला आत घेत नसशील, तर माझा घे, आणि हिला आत घे. मी बाहेर थांबेन."

नवे पाळक खाली बघत होते. मग कुणीतरी पहिली मूठभर माती टाकली आणि सगळे टाकू लागले.

परतताना मी बाबांचा हात धरून तलावाच्या पाळीवरून, बांधावरून चालत होते. ते दमले होते, थांबत थांबत चालत होते. माझ्यानं राहवेना. मी विचारलं, "बाबा, असं चालतं का?"

"नाही चालत," बाबा म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण माझ्याजवळ द्यायला दुसरं होतंच काय?"